मानशीची फळी कोणाच्या हातात? गोव्यातल्या एका फुटलेल्या खाजनाचं प्रकरण

कोजागिरीचं उधाण. भात पिवळं पडू लागलेलं, कापणीला पंधरा-वीस दिवस उरलेले. मांडवीच्या एका फाट्याला लागून असलेल्या खाजनाचा, म्हणजे नदीला बांध घालून राखलेल्या शेतजमिनीचा, बाहेरचा बांध मानशीपासून, म्हणजे पाणी सोडायच्या दारापासून, चाळीसेक मीटरवर खचला आणि दुसऱ्या भरतीपर्यंत तिथं सहा मीटरचं भगदाड पडलं.

हे खाजन कोणत्याही एका गावचं नाही. चोडण, दिवाडी, जुवें, नेवरा, कुंभारजुवें कालव्याचे दोन्ही काठ, झुआरीवर शिरोड्यापर्यंत जे पुनःपुन्हा घडतं, ते इथं एका जागी आणून मांडलं आहे. मापं हिशेब करता यावा म्हणून धरलेली आहेत: ४० हेक्टर शेत, १२०० मीटर बाहेरचा बांध, दोन मानशी, दोनेक हेक्टरची पोंय, म्हणजे मानशीच्या आतलं तळं, आणि सात-बाराला, म्हणजे गोव्यात नमुना एक-चौदाला, लागलेली ११० कुळं. कायदे, साल आणि जागा मात्र खऱ्या आहेत.

गोव्यात सुमारे १८,००० हेक्टर खाजन जमीन आहे. खारफुटीच्या चिखलाला बांध घालून ती नदीपासून सोडवलेली. बांदोडे इथं सापडलेल्या, सहाव्या शतकाच्या आसपासच्या मौर्य अनिर्जितवर्म्याच्या ताम्रपटात 'खज्जन' जमिनीच्या दानाचा उल्लेख येतो, म्हणजे ही विद्या पोर्तुगिजांच्या कितीतरी आधीची. जमिनीची पातळी भरतीच्या पाण्याखाली आहे, हे एकदा डोक्यात पक्कं बसलं की बाकीचं आपोआप कळतं. बाहेर नदी दिवसातून दोनदा चढते, दोनदा उतरते. उधाणाला हा चढउतार दोन मीटरच्या पुढे जातो. आत पावसाचं पाणी साचतं, आणि ते बाहेर जायची वाट एकच, मानस.

मानस नीट पाहण्यासारखी असते. जांभ्या दगडाचे दोन खांब, मध्ये लाकडी दार. दार वरच्या कडेला बिजागरीवर टांगलेलं आणि फक्त नदीकडे उघडणारं. ओहोटीला आतलं पाणी बाहेरच्यापेक्षा उंच राहतं, तेच दाराला ढकलून बाहेर पडतं. भरती सुरू झाली की नदीचं पाणी दाराला मागे लोटून चौकटीवर दाबून बसवतं. माणूस नको, यंत्र नको. दाराशिवाय खांबांत उभ्या खाचा असतात. त्यांत आडव्या फळ्या एकावर एक सरकवायच्या. किती फळ्या घातल्या त्यावर आत किती पाणी थांबेल ते ठरतं, आणि दार दोरीनं वर बांधून ठेवलं तर नदीचं खारं पाणी आतही घेता येतं. सगळा तंटा या शेवटच्या सोयीपाशी सुरू होतो.

कारण खाजनात दोन पिकं आहेत. जून ते ऑक्टोबर सरदाचं, म्हणजे पावसाळी, भात. कापणीनंतर पोंयीत आणि तिला जोडलेल्या व्हाळांत, म्हणजे ओहोळांत, मासळी: सुंगटं (कोळंबी), शेवटे, काळुंद्र, कुर्ल्या (खेकडे), नशीब असेल तर चोणक. ओहोटीला मानशीच्या तोंडाशी जाळ्याची पिशवी लावायची की बाहेर जाणाऱ्या पाण्याबरोबर मासळी त्यात येते. हा हक्क पावणीला निघतो, म्हणजे लिलावानं वर्षाच्या बोलीवर दिला जातो. भात शंभरजणांचं, मासळी एका ठेकेदाराची, आणि फळी त्या एकाच्या हातात.

पूर्वी हे दोन धागे एकाच गाठीत होते. गावकारीच्या, म्हणजे कोमुनिदादीच्या, ताब्यात शेतं होती, मानस होती, बांधही होता. पोर्तुगीज अधिकारी आफोन्सु मेशियाच्या १५२६च्या फोरालात, म्हणजे सनदेत, हे जुने गावचे रिवाज लिहून घेतले गेले. शेत आणि मासळी यांच्या उत्पन्नातून बांधाचा आणि गावकामाचा खर्च वजा जायचा, उरेल त्याची जोण गावकारांत वाटली जायची. म्हणजे बांध सडला तर जोण बुडते हे प्रत्येकाला ठाऊक. ही व्यवस्था न्यायाची होती असं म्हणण्याचा हेतू नाही. चिखलात उतरणारे हात गावकारांचे क्वचितच असत. पण पैसा आणि जबाबदारी एका वहीत होती. मग १९६४चा कूळवहिवाट कायदा आला, १९७६च्या पाचव्या दुरुस्तीनं कुळं जमिनीची मालक ठरली, आणि बांधाची जबाबदारी १९७५च्या संयुक्त जबाबदारीच्या नियमांखाली कुळांच्या संघाकडे गेली. मामलेदारानं देखरेख करायची, कृषी खात्याच्या मृदसंधारण विभागानं मोठ्या कामाला हात द्यायचा. जमीन कसणाऱ्याला मिळाली, हे व्हायलाच हवं होतं. मात्र एका बांधाचे शंभर मालक झाले आणि संघाच्या सभेला पंधराजण येऊ लागले.

शेजारी महाराष्ट्रात रायगड-रत्नागिरीच्या खार जमिनीत वेगळी वाट धरली गेली. १९४८च्या खार जमीन कायद्यापासून बांध सरकारी योजनेत आले. तिथली तक्रार वेगळी: बांध सरकारचा, मग खेकड्याचं भोक बुजवायलाही सरकारची वाट बघायची. गोव्यातली कुळं निदान कागदावर तरी बांधाची धनी आहेत, आणि ही गोष्ट पुढे उपयोगी पडते.

भगदाड का पडलं

फुटलेल्या जागेवर चार खुणा आधीपासून होत्या. दोन वर्षांपूर्वी तिथंच एक खचका पडला होता आणि तो टिप्परनं आणलेल्या डोंगराच्या तांबड्या मातीनं बुजवला होता. खाजनाचा बांध खाडीच्या काळ्या चिकण चिखलाचा असतो, त्यात भाताचा पेंढा आणि फांद्या थर देऊन घातलेल्या. तांबडी माती या चिखलाशी एकजीव होत नाही. दोहोंच्या सांध्यातून पाणी झिरपतं आणि वाळूसारखे कण घेऊन जातं. दुसरी खूण म्हणजे कुर्ल्यांची बिळं, नदीकडून आत येणारी. तिसरी: बांधाच्या पायथ्याची खारफुटी होड्या लावायला जागा हवी म्हणून तोडलेली, त्यामुळे लाट थेट मातीवर. खनिजाचे बार्ज मांडवी-झुआरीत आणि कुंभारजुवें कालव्यात जोरात चालत तेव्हा त्यांच्या लाटांनी बांध किती खाल्ले हे काठच्या गावांना वेगळं सांगायला नको. २०१२ साली खाणी बंद पडल्या तेव्हा बार्ज थांबले, पण खाल्लेला बांध आपोआप भरून येत नाही.

चौथी खूण सर्वांत महत्त्वाची आणि कोणाच्या तोंडी न येणारी. ठेकेदारानं सप्टेंबर संपायच्या आतच मानशीचं दार रात्री वर बांधायला सुरुवात केली होती. भरतीबरोबर सुंगटांची पिल्लं आत येतात, जितकं पाणी आत तितकी मासळी, हा त्याचा हिशेब. पण आत पाणी उंच आणि बाहेर ओहोटी झपाट्यानं खाली गेली की भिजलेल्या बांधाच्या नदीकडच्या उतारावर आधार उरत नाही. आतलं पाणी मातीतून बाहेर जोर लावतं आणि उतार घसरून खाली बसतो. लोक म्हणतात भरतीनं बांध फोडला. खरं तर तो आधीच्या ओहोटीला घसरलेला असतो. भरती फक्त उरलेल्या पातळ भिंतीवरून आत येते.

सकाळी गावात पहिली चूक होते ती अशी: घाबरून मानशीच्या सगळ्या फळ्या खाली टाकतात. याच्या उलट करायचं असतं. दार मोकळं ठेवून फळ्या सगळ्या काढायच्या, म्हणजे ओहोटीला आतलं पाणी मानशीतून जास्तीत जास्त जाईल आणि भगदाडातून कमी. भगदाडातून पाणी दिवसातून चारदा धावतं, दोनदा आत, दोनदा बाहेर. आतबाहेर पातळीत एक मीटरचा फरक असेल तर वेग हिशेबानं सेकंदाला चार मीटरच्या वर जाऊ शकतो. चिकण माती एक-दीड मीटरच्या वेगालाच सुटू लागते. म्हणून पहिल्या दिवशी भगदाड बुजवायचा प्रयत्न करायचाच नाही. दोन्ही उघड्या तोंडांना बांबूचे खुंटे ठोकायचे, मागे भरलेल्या गोणी लावायच्या, म्हणजे सहाचं बारा मीटर होणार नाही. एवढं झालं तरी पहिल्या दोन दिवसांचं काम फत्ते.

बांध घालायचा तो भांगाला, म्हणजे कमी भरतीच्या दिवसांत. पौर्णिमेला फुटलं तर आठवड्यानं अष्टमीच्या आसपास भरती-ओहोटीतला फरक सगळ्यात कमी असतो. त्यानंतर पुन्हा आठवड्यानं अमावास्या, म्हणजे दिवाळीचं उधाण. या दोहोंच्या मध्ये काम संपलं पाहिजे. आधीचे सहा-सात दिवस बांबू, झापं, गोणी, होडी आणि माणसं गोळा करण्यात घालवायचे. खात्याला आणि मामलेदाराला लेखी कळवणं त्याच दिवशी, फोटो आणि मापासकट. तातडीच्या कामाची मागणी नंतर केली की ती नेहमीच्या कामांच्या रांगेत जाते.

नवा बांध जुन्याच रेषेत घालू नये. भगदाडाच्या जागी पाण्यानं खोल डोह खणलेला असतो. त्यावर माती ओतली तर ती तळाशी जाते आणि दर उधाणाला खचते. डोहाला वळसा घालून आतल्या बाजूनं, घोड्याच्या नालेसारखा, २५ मीटरचा बांध घ्यायचा. दोन मीटर उंची, माथा दीड मीटर, नदीकडचा उतार एकास दोन, शेताकडचा एकास दीड. म्हणजे पायथा साडेआठ मीटर, छेद १० चौरस मीटर, २५ मीटरला २५० घनमीटर. ओला चिखल बसतो, म्हणून पाव हिस्सा वाढवून ३१० घनमीटर धरायचा. गोणी फक्त तोंडांना आणि शेवटच्या खिंडीला: ४० घनमीटर, म्हणजे तेराशेच्या आसपास. सगळा बांध गोणींचा केला की दोन पावसाळ्यांत प्लास्टिक फाटून आतली माती निघून जाते आणि पोकळ भिंत उभी राहते.

बांबूच्या दोन रांगा दीड मीटर अंतरावर, खुंट्यांत दोन फूट जागा, निम्मा बांबू चिखलात. आतून माडाची विणलेली झापं लावायची. मधल्या जागेत चिखलाचे गोळे हातानं दाबून, दर वीतभर थराला पेंढा. गोळा वरून फेकायचा नाही, ठेवून पायानं मळायचा. फेकलेल्या गोळ्यांमध्ये हवा आणि पाणी राहतं. आणि खरी मेख इथं आहे: दोन टोकांकडून मध्ये येत बांध पुरा करायचा नाही. खिंड अरुंद होत गेली की तीतला वेग वाढतो आणि शेवटचे दोन मीटर कधीच मिटत नाहीत. पंचवीस मीटरची सगळी लांबी एकदम, थरावर थर, सारख्या उंचीनं चढवत न्यायची. पाणी सुरुवातीला वरून पसरून जाऊ द्यायचं. शेवटचा हातभर थर अष्टमी-नवमीच्या दिवशी ओहोटी पूर्ण उतरल्यावर, दोन-अडीच तासांत, सगळ्या माणसांनी मिळून. त्यानंतरचे चार दिवस उतार भरायचे आणि अमावास्येच्या आत माथा पुऱ्या उंचीवर आणायचा.

चिखल कुठून घ्यायचा यावरही भांडण होतं. बांधाच्या पायथ्याशी खणला की पायथाच ढिला होतो; निदान दहा मीटर दूर जायला हवं. जेसीबी बांधावर चढवण्याचा मोह आवरावा. मऊ चिखलावरचं ते वजन शेजारचा चांगला बांधही खाली दाबतं. काँक्रीटच्या भिंतीचंही तेच: दिसायला मजबूत, पण तळ समान बसत नाही, सांधे उघडतात आणि पाणी भिंतीच्या खालून वाट काढतं.

मिठाचा हिशेब

ऑक्टोबरात नदीचं पाणी अजून पुरतं खारट झालेलं नसतं. लिटरला १५ ग्रॅम मीठ धरलं आणि शेतात १० सेंटिमीटर पाणी उभं राहिलं, तर हेक्टरी १००० घनमीटर पाण्यातून १५ टन मीठ आलं. मे महिन्यात तेच पाणी ३०च्या घरात असतं, म्हणजे हेक्टरी ३० टन. म्हणून भगदाड दिवाळीला बंद होणं आणि होळीला बंद होणं यांत पुढच्या सरदाचं पीक येणं की न येणं इतका फरक आहे.

उभ्या पिकाचं काय? कणीस भरून दाणा कडक झाला असेल तर उंचवट्यावरचं भात चार दिवसांत कापून घ्यावं. फुलोऱ्यातल्या भाताची आशा सोडावी. रोप आणि फुलोरा या दोन अवस्थांत भात मिठाला सर्वांत नाजूक असतं. जमिनीच्या अर्कात खारेपणा मीटरला ३ डेसीसिमेन्सच्या पुढे गेला की साध्या भाताचं उत्पन्न घसरू लागतं. कोरगूट आणि असगो ही खाजनातली जुनी वाणं त्याहून बरंच सोसतात. जुन्या गोव्याच्या भारतीय कृषी अनुसंधान परिषदेच्या केंद्रानं कोरगुटातून निवडलेले गोवा धान १ आणि २ हे वाण याच जमिनीसाठी. बियाणं मात्र त्याच खाजनातलं राखलेलं असलं तर बरं, आणि ते फुटलेल्या वर्षी नेमकं उरलेलं नसतं. शेजारच्या खाजनाशी दरवर्षी दोन पोती बी अदलाबदल करण्याचा करार याच दिवसासाठी.

मीठ धुवायला गोव्याचा पाऊस पुरतो, वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पडतो. पण पाऊस मीठ विरघळवतो, बाहेर काढते ती मानस. मेच्या शेवटी कोरडी नांगरट करून ढेकळं उघडी ठेवायची. पहिल्या सरी शेतात दोन-तीन दिवस उभ्या करायच्या, मग ओहोटीला फळ्या काढून सगळं पाणी सोडायचं. असं तीन-चार वेळा. व्हाळ गाळानं भरलेले असतील तर पाणी शेतातच फिरत राहतं आणि मीठ एका कोपऱ्यातून दुसऱ्यात जातं. एक सावधगिरी: खारफुटीच्या मूळ चिखलात गंधकाची संयुगं असतात. दुरुस्तीच्या नादात शेत पोंयीच्या तळापर्यंत सुकवलं आणि महिनोन्महिने वाळू दिलं तर ते आम्ल होतं, आणि आम्ल जमिनीचं दुखणं मिठापेक्षा चिवट.

फळीचा करार

या खाजनाची नेहमीची डागडुजी किती? बांधाच्या प्रत्येक मीटरला वर्षाला ०.१५ घनमीटर चिखल धरला तर १२०० मीटरला १८० घनमीटर. एक माणूस दिवसाला २ घनमीटर खणून लावतो असं धरलं तर ९० दिवस. कुळं ११०. म्हणजे कुळामागे वर्षाला एक दिवससुद्धा भरत नाही. तेवढा एक दिवस चुकला म्हणून ३१० घनमीटर, तेराशे गोणी आणि एक अख्खं पीक. सभेत हा आकडा फळ्यावर लिहून दाखवावा. बांधाच्या पावित्र्यावर भाषण करण्यापेक्षा याचा परिणाम जास्त होतो.

पण दिवस देणार कोण? निम्मी कुळं पणजीत किंवा मुंबईत नोकरीला, काहींची जमीन पडीक. एक-एक दिवस मागून संघ थकतो. म्हणून पैसा तिथून घ्यायचा जिथं तो येतो, म्हणजे पावणीतून. पावणीची रक्कम संघाच्या साधारण खात्यात जाऊ न देता तिचा ठरावीक वाटा बांधाच्या वेगळ्या खात्यात, दोन कुळांच्या आणि एका बाहेरच्या सहीनं. उरलेली वर्गणी क्षेत्राप्रमाणे, पडीक जमिनीलाही तितकीच. पडीक धारकाला सूट दिली की पुढच्या वर्षी पडीक वाढतं.

पावणीच्या अटींत चार गोष्टी असल्याशिवाय बोली लावूच नये. एक, मानशीच्या खांबावर तैलरंगाची आडवी रेघ; तिच्यावर पाणी घेतलं तर अनामत जप्त. दोन, दार बांधायची दोरी आणि कुलूप, दोन किल्ल्या, एक ठेकेदाराची, एक संघाची, आणि भात उभं असेपर्यंत दोन्ही संघाकडे. तीन, मे संपण्याआधी मानस मोकळी करून द्यायची. चार, उधाणाच्या रात्रीचा राखणदार ठेकेदाराच्या खर्चानं, पण नेमणूक संघाची. ठेकेदार कुरकुरतो, बोली थोडी उतरते. उतरू द्यावी.

सभेत मासळी पकडणारे आणि भात लावणाऱ्या बायका नसतील तर या अटी कागदावरच राहतात. शेतात कोणत्या कोपऱ्यात पाणी आधी खारट होतं हे भांगलणाऱ्या बाईला कळतं, आणि रात्री दार कोणी वर बांधलं हे गळ टाकून बसलेल्याला. दोघांची नावं सातबारावर नसतात, म्हणून ती सभेच्या यादीतही येत नाहीत. संघाच्या नियमात त्यांना मताचा हक्क देता येत नसेल तर निदान बांधाच्या देखरेख समितीत जागा द्यावी.

ज्या खाजनात हे होत नाही तिथं पुढचं सगळं ठरल्यासारखं घडतं. दोन-तीन वर्षं खारं पाणी आत फिरलं की शेतात खारफुटी रुजते. ती तोडायला परवानगी लागते, आणि २०११च्या सीआरझेड, म्हणजे किनारी नियमन क्षेत्राच्या, अधिसूचनेत गोव्याच्या खाजनांना तसंच त्यांच्या काठच्या खारफुटीला खास संरक्षण आहे. म्हणजे बांधाबाहेरची खारफुटी आपली ढाल आणि शेतातली खारफुटी आपला पेच. मग कोणी तरी म्हणतो, भात तर होत नाही, मातीची भर घालू या. इथं १९९१चा जमीन वापर कायदा आडवा येतो, कूळ कायद्यानं मिळालेली जमीन शेतीखेरीज वापरता येत नाही. २०२३च्या कायद्यानं भातशेती शेतकरी नसलेल्याला विकण्यावरही बंधन आलं आहे. कायदे भर थांबवू शकतात. बांध घालत नाहीत.

दिवाळीला बंद झालेला नालेच्या आकाराचा बांध पहिल्या पावसाळ्याआधी वीत-सव्वा वीत खाली बसलेला असतो. एप्रिलमध्ये माथा पुन्हा चढवावा लागतो, तोही त्याच काळ्या चिखलानं. बाहेरच्या पायथ्याला खारफुटीची रोपं लावायची, दोन ओळी, हातभर अंतरावर. जूनच्या पहिल्या आठवड्यात मानशीतून बाहेर जाणारं पाणी रोज सकाळी बाटलीत भरून त्याचा खारेपणा मीटरनं मोजायचा आणि आकडा वहीत लिहायचा. सलग तीन दिवस तो उतरत असेल तर कोरगुटाचं बी भिजत घालायचं. उतरत नसेल, तर आधी व्हाळ बघून यायचा.